लोंढ्यावरून गेलेले ट्रम्पेट : मुंबईचे डान्स हॉल, गोवेकर वादक आणि न लिहिलेली नावं

बेळगाव : गोव्याला जाणारी गाडी लोंढा जंक्शनला थांबली की आपण चहा-वडा घ्यायला खाली उतरतो. एके काळी याच फलाटावर उलट्या दिशेने निघालेले काही प्रवासी दिसायचे. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात व्हायोलिनची नाही तर ट्रम्पेटची पेटी. मुरगावहून मीटरगेज गाडीने कुळे, कॅसलरॉक, लोंढा, मग बेळगाव, मिरज, पुणे, तिथे गाडी बदलून मुंबई. या पोरांनी पुढे मुंबईच्या डान्स हॉलांत आणि हिंदी सिनेमात जे वाजवलं, ते आपण आजही रोज ऐकतो. वाजवलं कोणी, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

ते हॉल आता राहिले नाहीत, ते बँडही नाहीत. म्हणून त्यांची माहिती एका जागी देण्याचा हा प्रयत्न.

गोव्यातच एवढे वादक का?

याचं उत्तर चर्चमध्ये आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असायची. तिथे मुलांना प्रार्थनेसोबत स्वर वाचायला शिकवत, म्हणजे कागदावर पाच रेघांत लिहिलेलं पाश्चात्त्य नोटेशन बघून गायचं आणि व्हायोलिन वाजवायचं. हातात छडी घेऊन शिकवणाऱ्या मास्तरला 'मेस्त' म्हणत. गरीब घरातला पोरगाही दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत लिहिलेलं संगीत सरसर वाचायचा.

पण गावात पोटापाण्याला काही नव्हतं. त्यामुळे ही विद्या घेऊन पोरं ब्रिटिश हिंदुस्थानात आली. लष्करी बँड, रेल्वेचे क्लब, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं, संस्थानिकांचे दरबार, जिथे पाश्चात्त्य वाद्य लागायचं तिथे गोवेकर असायचाच. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता, हे तिथल्या आपल्या वाचकांना माहीत असेल. सगळ्यात मोठी बाजारपेठ मात्र मुंबईच.

मुंबईत उतरलेला गोवेकर आधी धोबीतलावला जायचा. तिथे आणि आसपास प्रत्येक गावाचे 'कुड' होते. कुड म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली वस्तीची जागा. भिंतीला ओळीने ट्रंका, रात्री जमिनीवर चटई, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी, भाडं नाममात्र. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल इमारतीत असे कुड होते. त्याच इमारतीत फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान. १८६५ सालापासूनचं हे नाव आजही सुरू आहे. जवळच कयानी हे १९०४ सालचं इराणी हॉटेल, तेही चालू आहे. त्याच भागातलं बस्तानी मात्र बंद पडलं.

ताजमधला जॅझ

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. अमेरिकेत रंगामुळे ज्यांना मागच्या दाराने आत घेत, ते इथे सगळ्यात महागड्या हॉटेलात मानाने वाजवत होते. गोवेकर पोरांनी त्यांचं वाजवणं कान देऊन ऐकलं आणि उचललं. आतापर्यंत कागदावर लिहिलेलंच वाजवायची सवय होती. कागद बाजूला ठेवून मनातलं वाजवायचं, हे जॅझने शिकवलं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनियो शाविएर वाझ, गाव बार्देशमधलं हळदोणे, जन्म १९१६. ट्रम्पेट असं वाजवायचे, की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजशेजारी ग्रीन्स नावाचं हॉटेल होतं, तिथे आणि पुढे ताजमध्ये त्यांचा बँड असायचा. ते ग्रीन्स पाडलं गेलं. आज तिथे ताजचा उंच टॉवर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर हा बाजार चर्चगेटच्या रस्त्यावर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर आणि आसपास पसरला. गेलॉर्ड, बॉम्बेली, वोल्गा, ॲम्बॅसेडर, रिट्झ, ॲस्टोरियामधलं व्हेनिस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं, की प्रत्येक दारातून वेगळा बँड ऐकू यायचा.

दारूबंदी आणि आपली सरहद्द

इथे एक गंमत लक्षात घ्या. हे सगळं ऐन भरात होतं तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, पूर्ण अंमल एप्रिल १९५० पासून. परमिटवाल्याला मिळायची, बाकीच्यांनी कॉफी प्यायची. रविवारी सकाळच्या 'जॅम सेशन'ला कॉलेजची पोरं कोल्ड कॉफीच्या एका ग्लासावर दोन-दोन तास बसत. नाइट क्लब बाटलीवर चालतात, असं आपण समजतो. मुंबईचे निदान काही वर्षं बँडवर चालले.

बेळगावही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं. म्हणजे तोच कायदा आपल्याकडेही. आणि घाटाखाली पोर्तुगीज राज्य, तिथे फेणीपासून विलायती स्कॉचपर्यंत सगळं उघड्यावर. चोर्ल्याच्या आणि कॅसलरॉकच्या जंगलवाटांनी काय काय वर चढायचं, हे खानापूर भागातल्या जुन्या माणसांना नव्याने सांगायला नको.

१९५५ मध्ये भारत आणि गोव्यामधली रेल्वे बंद झाली. मुंबईत वाजवणाऱ्या कित्येकांना त्यामुळे घरी येणं अवघड झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

रात्री हॉटेल, सकाळी स्टुडिओ

आता आपल्या मराठी माणसांचा संबंध कुठे येतो, ते बघू.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म १९१८. हिंदी सिनेमात पाश्चात्त्य ठेका धीटपणे आणणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. 'शहनाई' (१९४७) मधलं रविवारच्या भेटीचं गाणं आठवा, नाही तर 'समाधी' (१९५०) मधलं दोघी बहिणींचं. या कामात त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट होते. १९५१ चा 'अलबेला' भगवानदादांचा, म्हणजे गिरणी कामगाराच्या घरातून आलेल्या भगवान पालव यांचा. त्यातल्या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो बँड वाजवताना दिसतो, तो खुद्द चिक चॉकलेट यांचा आहे. पुणतांब्याचा संगीतकार, मुंबईच्या चाळीतला नट आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, असे तिघे एका गाण्यात. त्याच साली 'नादान' या चित्रपटाला स्वतंत्र संगीतकार म्हणूनही चिक चॉकलेट यांचं नाव लागलं.

कामाची पद्धत अशी होती. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा. पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं, व्हायोलिन कुठे उठायचं, ट्रम्पेट कुठे थांबायचं, हे कागदावर उतरवणारा माणूस वेगळा. तो अरेंजर. हे लिहिणारा बहुतेक वेळा गोवेकर असायचा आणि लिहिलेलं बघून पहिल्या फटक्यात वाजवणारेही. कारण चर्चच्या शाळेतली ती विद्या दुसऱ्या फारशा कोणाकडे नव्हती. रात्री हॉटेलात वाजवायचं, दोन-चार तास झोपायचं आणि सकाळी ताडदेवच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला हजर व्हायचं.

सेबॅस्टियन डिसोझा हे त्यातले मोठे नाव. फाळणीआधी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. फाळणीनंतर मुंबईत आले आणि पुढे दोन दशकं शंकर-जयकिशन यांचे अरेंजर राहिले. ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही त्यांनी काम केलं. कुडचडेचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवायचे. त्यांनी सिनेमातल्या कमाईवर 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

ख्रिस पेरी आणि लोर्ना या जोडीचं तर गोव्यात अजून घराघरात नाव आहे. मडगावचे ख्रिस ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचे, लोर्ना कोर्देरो गायच्या. मुंबईच्या क्लबांत गाजल्या, पुढे कित्येक वर्षं गाणं सोडून घरी बसल्या आणि १९९५ मध्ये गोव्यात पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्या गाण्यांवर बार्द्रोय बार्रेतो यांनी 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दिवे का गेले?

एका कारणाने गेले नाहीत. जिवंत बँड ठेवणाऱ्या हॉटेलांवर करमणूक कराचा बोजा पडला. सत्तरच्या दशकात डिस्को आला. दहा वादकांच्या पगाराऐवजी एक माणूस आणि दोन तबकडीयंत्रं. मालकाने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले, की निर्णय व्हायला वेळ लागत नाही. पुढे सिंथेसायझरने स्टुडिओतलीही जागा घेतली. चाळीस जणांचं काम एका पेटीत आलं.

चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ मध्ये गेले. सेबॅस्टियन निवृत्त होऊन गोव्याला परतले. चर्चगेटचं गेलॉर्ड आजही आहे, पण त्या रस्त्यावर एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत बँड ऐकत जाण्याचे दिवस संपले.

एक नाव मात्र राहिलं

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा. सोळाव्या वर्षी मुंबईत आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी शंभरावर वादक घेऊन भारतीय रागांवर आधारलेली स्वतःची रचना वाजवून घेतली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेला गेले, परत आले ते थेट गावी आणि शांत राहिले.

१९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातल्या मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या गाण्यात जे नाव आहे, ते प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेलं. अख्ख्या देशाने ते नाव घेतलं, पण असा कोणी माणूस खरोखर आहे, हे कितीजणांना माहीत होतं? मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा ते हयात होते. जानेवारी २०१२ मध्ये ते गेले.

हिशेबाच्या वहीत

मी कॉमर्सचा माणूस. खतावणी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या व्यवहाराची खतावणी अशी आहे. वादकाला त्या दिवसाच्या कामाचे पैसे रोख मिळाले. तिथे खातं बंद. तबकडीवर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांची नावं छापली. वादकाचं नाही. पडद्यावर अरेंजरचं नाव आलंच, तर 'असिस्टंट' म्हणून.

त्याचा परिणाम आजही आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलावंतांचे हक्क वाढले, ते चांगलंच झालं. पण त्याच दुरुस्तीत एक ओळ आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो एक छोटा अपवाद सोडला तर कायद्याच्या लेखी 'परफॉर्मर' धरला जात नाही. म्हणजे नाव न लिहिणं ही नुसती भावनेची बाब नाही. वहीत नोंदच नाही, तर येणं कशाच्या आधारे मागणार?

मुंबईतल्या हॉटेलांची पाटी उतरली, याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. दुकानं उघडतात, बंद होतात, बाजाराचा तो नियमच आहे. नोंद न होता माणसं गेली, ते नुकसान भरून येणारं नाही.

बेळगावच्या कॅम्पात, खानापुरात, लोंढ्यात, कारवार-सावंतवाडीकडे कित्येक घरांत आजोबांचं व्हायोलिन माळ्यावर असेल. बँडचा एखादा फोटो असेल, काळे कोट घातलेल्या आठ-दहा जणांचा. घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर या रविवारी तो फोटो त्यांच्यासमोर ठेवा. डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा. कुठे वाजवत होते आणि साल आठवलं तर तेही. पेनची शाई पुढे उमटते, म्हणून पेन्सिल. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगणारं माणूस गेलं की ते कधीच होणार नाही.