भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443 धावा : जेवणाच्या सुट्टीत संपलेला सामना

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात 400 किंवा त्याहून जास्त धावा करणारा आजवर एकच भारतीय फलंदाज झाला, तो म्हणजे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. डिसेंबर 1948 मध्ये रणजी करंडकाच्या सामन्यात त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. विश्वविक्रम मोडायला त्यांना फक्त 10 धावा हव्या होत्या, पण त्या करण्याची संधीच मिळाली नाही. असे का झाले?

सामना काय होता?

महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना 16 डिसेंबर 1948 पासून पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर खेळला गेला. काठियावाडचा पहिला डाव 238 धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने 4 गडी गमावून 826 धावा उभारल्या. निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी केली. हा त्या वेळचा दुसऱ्या गड्याचा विश्वविक्रम होता. भांडारकर 205 धावांवर बाद झाले, निंबाळकर मात्र खेळतच राहिले.

443 धावांचा हिशेब

- वेळ : 494 मिनिटे, म्हणजे 8 तास 14 मिनिटे
- चौकार 49 (196 धावा), षटकार 1 (6 धावा)
- पळून काढलेल्या आणि इतर धावा : 241
- वेग : तासाला साधारण 54 धावा
- संघाच्या धावांतला वाटा : निम्म्याहून जास्त, सुमारे 54 टक्के

म्हणजे अर्ध्याहून अधिक धावा सीमापार फटक्यांशिवाय आल्या. काठियावाडच्या संपूर्ण संघापेक्षा निंबाळकरांच्या एकट्याच्या धावा 205 ने जास्त होत्या. गंमत म्हणजे भांडारकरांनी केलेल्या धावाही तेवढ्याच!

मग सामना थांबला कसा?

तेव्हाचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता. त्यांनी जानेवारी 1930 मध्ये सिडनीत न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद 452 धावा केल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत निंबाळकर 443 वर पोहोचले होते. त्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना पुढे खेळायला नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. महाराष्ट्राकडून विनंती झाली, पण काठियावाडचा संघ मैदानात परतला नाही. सामना तिथेच सोडून देण्यात आला.

आज हा विक्रम कुठे आहे?

प्रथम श्रेणीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या :

1. ब्रायन लारा – नाबाद 501 (1994)
2. हनीफ मोहम्मद – 499 (1959)
3. डॉन ब्रॅडमन – नाबाद 452 (1930)
4. भाऊसाहेब निंबाळकर – नाबाद 443 (1948)

त्यामुळे नाबाद 443 हा विश्वविक्रम कधीच नव्हता, पण भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या म्हणून तो आजही अबाधित आहे.

कसोटी संघात स्थान मिळाले का?

नाही. 12 डिसेंबर 1919 रोजी कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत त्यांना संधी मिळाली, पण अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाने केलेली सर्वांत मोठी खेळीही हीच. पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान केला. 93 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 11 डिसेंबर 2012 रोजी, त्यांचे निधन झाले.

ब्रॅडमनचा विक्रम पुढे 1959 मध्ये हनीफ मोहम्मद यांनी मोडला. पुण्यात तो दहा वर्षे आधीच मोडला असता का, याचे उत्तर मात्र त्या न झालेल्या षटकांतच राहिले.