पहाऱ्यावरच्या कोडमधला पार्सिंग बग

कार्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या वाय-फायवर कोणाला आत घ्यायचे, हे बहुधा रेडियस सर्व्हर ठरवतो. १९९९ साली सुरू झालेला फ्रीरेडियस हा त्यातला नावाजलेला मुक्तस्रोत सर्व्हर. पासवर्ड खरा की खोटा हे पाहण्याआधी सर्व्हरला आलेले पॅकेट वाचावे लागते. म्हणजे ज्याची ओळख अजून पटलेली नाही, त्याने पुरवलेले बाइट कोडच्या पोटात आधीच शिरलेले असतात. म्हणून इथला पार्सिंग बग हा सुरक्षेचाच प्रश्न ठरतो.

रचना. २००० सालच्या आरएफसी २८६५ प्रमाणे रेडियस पॅकेटच्या सुरुवातीला २० बाइटांचे शीर्ष असते आणि त्यापुढे अ‍ॅट्रिब्यूटची रांग. प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचा पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा लांबी, उरलेले मूल्य. रोमन लिपीत ‘आशा’ हे चार अक्षरी वापरकर्ता-नाव षोडशमान (हेक्स) अंकांत असे जाते: ०१ ०६ ६१ ७३ ६८ ६१. यातल्या ०६ मध्ये पहिले दोन बाइटही धरलेले आहेत. तेव्हा लांबी २ पेक्षा कमी असूच शकत नाही.

दोषाचे प्रकार. पहिला प्रकार लांबीचा. ०६ च्या जागी ०० आले आणि पार्सरने ते मानले, तर पुढे सरकायचे अंतर शून्य होते आणि लूप जागच्या जागी फिरत राहतो. ०१ आले, तर त्यातून २ वजा होऊन उणे एक उरतो. चिन्हरहित एका बाइटात तोच २५५ होतो. लांबी उरलेल्या पॅकेटपेक्षा मोठी निघाली, तर वाचन हद्दीबाहेरच्या मेमरीत जाते.

दुसरा प्रकार अर्थाचा. एकच मॅक पत्ता एक स्विच ००-१०-५४-२३-१९-७० असा पाठवतो, दुसरा ००१०.५४२३.१९७० असा. दोन्ही रूपे एकाच साच्यात न आणता तुलना केली, तर बंदी घातलेला लॅपटॉप नवा पाहुणा म्हणून आत येतो. इथे सर्व्हर कोसळत नाही, लॉगमध्ये त्रुटीही दिसत नाही. म्हणून हा प्रकार अधिक फसवा.

दुरुस्ती. जिथे कोड कोसळला तिथे एक ‘इफ’ टाकणे ही मलमपट्टी झाली. लांबीची तपासणी मूल्य वाचण्याआधी, एकाच ठिकाणी झाली पाहिजे: किमान २, कमाल पॅकेटमध्ये उरलेले बाइट. नियम मोडणारे पॅकेट तिथेच टाकून द्यावे. मॅक पत्त्याचेही तसेच: आत येतानाच एक रूप ठरवावे आणि पुढच्या सगळ्या कोडने तेच वापरावे.

आक्षेप आणि उत्तर. समोरून येईल ते उदारपणे स्वीकारा, हे जॉन पोस्टेल यांचे तत्त्व १९८० पासून इंटरनेटवर रूढ आहे. मग पार्सर इतका कडक का? जुन्या उपकरणांची किरकोळ विसंगती सांभाळून घ्यायला हरकत नाही, उदाहरणार्थ मॅक पत्त्यातली विरामचिन्हे. पण लांबी चुकली की पुढचा एकही बाइट कशाचा आहे याची खात्री देता येत नाही. तिथे उदारपणा म्हणजे निव्वळ अंदाज, आणि अंदाजावर दार उघडता येत नाही.

पडताळणी. २०१७ साली फ्रीरेडियस प्रकल्पाने स्वतःहून एका सुरक्षा-संशोधकाकडून फझिंग करून घेतले, म्हणजे मुद्दाम बिघडवलेली असंख्य पॅकेटे पार्सरला चारली. अनेक तुकड्यांत येणारे मूल्य जोडताना अखंड फिरून मेमरी संपवणारा लूप त्यातून सापडला, हद्दीबाहेरचे वाचन-लेखनही सापडले. दुरुस्त्या ३.०.१५ आणि २.२.१० या आवृत्त्यांत आल्या. स्रोत वर्षानुवर्षे खुला होता, तरी हे दोष टिकून राहिले होते. कोड उघडा असल्याने तपासणीची सोय होते, तपासणी आपोआप होत नाही.

म्हणून पॅच पाठवणाऱ्याने ज्या पॅकेटाने सर्व्हर पडला, ते पॅकेट टेस्ट म्हणून सोबत जोडावे. टेस्टशिवाय आलेली दुरुस्ती अपुरी समजावी.