सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि तिकिटांवरचे घोडे

तापीकाठचे सारंगखेडा पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबारमध्ये मोडते. एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, तिथे घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी आणि काठेवाडी जनावरांना विशेष मागणी असते. गिऱ्हाईक आधी दात पाहून वय ताडते, मग कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात का ते बघते. त्यानंतर अंगावरचे भोवरे तपासले जातात. एखादा भोवरा अशुभ ठरला की उमद्या घोड्याचाही भाव कोसळतो. रेवाल चाल कितीही देखणी असो, मग तिला कोण विचारतो!

भारतीय टपाल खात्याने २००९ मध्ये देशी घोड्यांची चार तिकिटे काढली. त्यांत याच दोन जातींसोबत मणिपुरी आणि झांस्करी घोडे आले. मान मिळाला तो जातीला, शर्यत मारणाऱ्या एखाद्या घोड्याला नव्हे. परदेशात मात्र विजेत्यांचे कौतुक झाले: हंगेरीने ५४ शर्यतींत अजिंक्य राहिलेल्या किंचेम घोडीचे तिकीट काढले, ऑस्ट्रेलियाने १९७८ मध्ये फार लॅप या शर्यतीच्या घोड्याचे. त्यामुळे घोड्यांचा विषयवार संग्रह करणाऱ्याच्या वहीत विजेत्यांची पाने परदेशी तिकिटांनीच भरतात.