जिज्ञासेचे घर : बडोद्याच्या ग्रंथालयांचा एक धडा

गेल्या कोजागरीस आपल्या मंडळाच्या मेळाव्यात एका लहान मुलीने विचारलेला प्रश्न आम्हांस अद्याप विसरता आलेला नाही. त्या रात्री चंद्राभोवती मोठे खळे पडले होते. ते का पडते, एवढेच तिने विचारले. जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींत पदवीधर होते, शिक्षकही होते. परंतु “पाऊस येणार असेल” यापलीकडे कोणास उत्तर सुचले नाही. वास्तविक उंच आकाशातील विरळ ढगांत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतून जाताना चंद्रप्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर तेजाचे वर्तुळ दिसते. हे सांगणारे मराठी ग्रंथ मंडळाच्या कार्यालयातील कपाटातच होते. कपाटास कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ज्ञान आहे, जिज्ञासाही आहे; पण दोहोंची गाठ पडत नाही. हेच दुःख एका राज्यकर्त्याने शतकापूर्वी ओळखले होते. त्याची हकीकत आपल्या समाजबांधवांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेले श्रीमंत सयाजीराव गायकवाड १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. त्यांचे खरे शिक्षण तेथेच सुरू झाले. विद्येवाचून माणसाचे काय अडते, हे त्यांनी जवळून जाणले होते. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. तथापि शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे लवकरच ध्यानी आले. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उभारले. राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह त्यांनी प्रजेच्या मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. १९११ साली ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला. १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून ग्रंथालयविषयक त्रैमासिकही निघू लागले.

राजधानीत ग्रंथ ठेवून खेडुतास काय लाभ? म्हणून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविण्यात येऊ लागल्या. एका गावाचे वाचन झाले, की पेटी परत येई व दुसरी जाई. हीच ती फिरती ग्रंथालये. ज्या गावास कायमचे ग्रंथालय हवे असेल, त्याने आपला वाटा उभा करावा, तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. फुकटची वस्तू टिकत नाही आणि केवळ सरकारी वस्तू आपली वाटत नाही, हे मर्म त्यात होते.

ज्यास अक्षरओळखच नाही त्याने काय करावे, याचाही विचार बडोद्याने केला. ग्रंथालय खात्यात एक दृक्‌शिक्षण शाखा होती. जादूच्या कंदिलाची चित्रे, चलच्चित्रे, आणि दोन भिंगांतून पाहताच सपाट चित्रास खोली आणणारे स्टिरिओस्कोप ही तिची साधने. ज्यास ग्रंथ वाचता येत नव्हता, त्यासही जग पाहण्याचा हक्क आहे, असे त्या खात्याने मानले. आमच्या मते बडोद्याचे खरे थोरपण येथे आहे. त्यांनी आधी माणसाची जिज्ञासा पाहिली आणि ग्रंथालय तिच्या मापाने बेतले.

आपल्या भाषेतही अशी साधने थोडी नाहीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० ते १९२७ या काळात सिद्ध झाला. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज तो विश्वकोश संगणकावरही विनामूल्य पाहता येतो. मग कपाटाची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर असे, की भाकरी का फुगते हे विचारणाऱ्या मुलास प्रथम शेजारी बसणारे माणूस लागते. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती पापुद्रा उचलते, हे वाचून दाखविणारे आणि मग तव्याकडे बोट करणारे.

आता एक अप्रिय गोष्ट. कपाट उघडावे व शेजारपाजारच्या सर्वच मुलांस पुस्तके द्यावीत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले : “वर्गणी आपली, मग लाभ परक्यांस का?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे देतो. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी परक्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या नगरवाचनालयांत अभ्यास केला. तेथे कोणी त्यांचे आडनाव पाहून पुस्तक नाकारले असते, तर आज हे मंडळ व ही स्मरणिका कोठून असती? ते ऋण फेडण्याचा मार्ग हाच, की आपल्या दारीही आडनाव विचारले जाऊ नये.

आमची मागणी मोठी नाही. दर रविवारी सकाळी दोन तास कपाट उघडे असावे. शेजारी एक प्रश्नवही असावी. मुलांनी प्रश्न लिहावा आणि पुढील रविवारी मोठ्यांपैकी कोणी ग्रंथ पाहून उत्तर लिहावे. किल्ली सांभाळण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. त्या वहीत पहिला प्रश्न खळ्याचा लिहावा आणि त्या मुलीस बोलावून उत्तर तिच्याकडूनच वाचून घ्यावे, एवढी विनंती समाजबंधुभगिनींस करून हा लेख पुरा करतो.