सीब्राइटचा कोंबडा : निवडीच्या कलेची एक कथा

माणसाने पाळलेल्या पशुपक्ष्यांचा इतिहास बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने लिहिला जातो. बैलाने नांगर ओढला, मेंढीने लोकर दिली, कोंबडीने अंडी घातली, अशी ती मांडणी असते. केवळ हौसेपोटी पाळलेल्या प्राण्यांना ह्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. मात्र माणसाची सौंदर्यदृष्टी एखाद्या जिवंत देहात किती खोलवर उतरू शकते आणि त्या देहाला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे पाहावयाचे असेल, तर हौसेच्या इतिहासाकडेच वळावे लागते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडविल्या गेलेल्या ‘सीब्राइट बँटम’ ह्या चिमुकल्या कोंबडीची कथा ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

‘बँटम’ हे नाव जावा बेटाच्या पश्चिम टोकाजवळील बांतेन ह्या बंदरावरून आले. सतराव्या शतकात हे बंदर मिरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्याच सफरीत, १६०२-०३ मध्ये, तेथे इंग्रजांची वखार पडली आणि १६८२ पर्यंत टिकली. हिंदुस्थानी कापड द्यावयाचे आणि मिरी घ्यावयाची, असा त्या व्यापाराचा क्रम होता. पूर्वेकडील बंदरांतून खलाशांबरोबर युरोपात पोहोचलेल्या खुज्या कोंबड्यांना हे नाव चिकटले आणि पुढे आकाराने लहान अशा सर्वच कोंबड्यांसाठी ते रूढ झाले. ह्या कोंबड्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. मोठ्या जातीची लहान आवृत्ती असलेल्या कोंबड्यांचा एक वर्ग आणि मोठी आवृत्तीच नसलेल्या, म्हणजे ‘अस्सल’ बँटमांचा दुसरा. सीब्राइट ही दुसऱ्या वर्गातील. तिच्या नराचे वजन सुमारे ६२० ग्रॅम, तर मादीचे सुमारे ५१० ग्रॅम एवढेच भरते. अंडी लहान आणि तीही थोडी. मांसासाठी तर तिचा विचार कोणी करीत नाही. तिचे अस्तित्व केवळ पाहण्यासाठी आहे.

हिचा कर्ता सर जॉन सॉन्डर्स सीब्राइट (१७६७–१८४६) हा सातवा बॅरोनेट. हर्टफर्डशरमधील बीचवुड येथे त्याची जमीनजुमल्याची वाडी होती आणि १८०७ पासून १८३४ पर्यंत त्या परगण्याचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटात बसला. १ मार्च १८३१ रोजी लॉर्ड जॉन रसेलने मताधिकार-सुधारणेचे पहिले विधेयक मांडण्याची अनुमती मागितली, तेव्हा त्या प्रस्तावाला अनुमोदन देणारा सभासद सीब्राइटच होता. स्वतः वंशपरंपरागत पदवीचा धनी असलेला हा मनुष्य वंशपरंपरेने चालत आलेल्या राजकीय मिरासदारीविरुद्ध उभा राहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंपरेने हाती आलेले ते आहे तसे स्वीकारावे, असे त्याला राजकारणातही वाटले नाही आणि आपल्या खुराड्यातही वाटले नाही.

१८०९ साली त्याने सर जोसेफ बँक्स ह्यांना उद्देशून पाळीव प्राण्यांच्या जाती सुधारण्याच्या कलेविषयी एक पत्ररूप पुस्तिका प्रसिद्ध केली. पृष्ठसंख्येने ती अगदी लहान आहे, पण विचाराने भरीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात, निकटच्या नात्यात जोड्या लावण्याची पद्धत त्या काळी पशुपैदाशीत प्रतिष्ठा पावली होती. सीब्राइटने ह्या पद्धतीविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. कुत्री, कोंबड्या आणि कबुतरे ह्यांच्यावर त्याने स्वतः असे प्रयोग केले होते. धिप्पाड स्पॅनियल कुत्र्यांची संतती पिढ्यांगणिक दुबळी आणि खुरटी होत गेली. कोंबड्यांचे पाय लांबले, अंग बारीक झाले आणि त्यांची पैदास मंदावली, असे त्याने नमूद केले आहे. ह्याच पुस्तिकेत आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. कडक हिवाळा किंवा अन्नाचा तुटवडा दुबळ्या जनावरांचा नाश करतो आणि त्यामुळे निसर्गात आपोआपच कुशल पैदासकाराच्या निवडीसारखा परिणाम घडून येतो, असे तो सांगतो. चार्ल्स डार्विनने ही पुस्तिका १८३८ मध्ये वाचली आणि आपल्या टिपणवहीत तिची दखल घेतली. ‘नैसर्गिक निवड’ ही संकल्पना त्याच्या मनात त्याच वर्षी आकार घेत होती.

सीब्राइटने आपली बँटम नेमकी कोणत्या जातींच्या संकरातून घडविली, ह्याचा लेखी तपशील त्याने मागे ठेवला नाही. सामान्य बँटम आणि डोक्यावर पिसांचा झुबका असलेली पोलिश कोंबडी ह्यांचा संकर, मग मादीसारखे शेपूट असलेल्या एका बँटम नराशी पुनःसंकर आणि त्यानंतर दीर्घकाळ काटेकोर निवड, असा तिचा वंशवृत्तान्त डार्विनने दिला आहे. त्याचे उद्दिष्ट कोणते होते, हे मात्र पक्षी पाहताच कळते. चांदीसारख्या पांढऱ्या किंवा सोनेरी पिसाला सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची काळी, हिरवट झळाळीची बारीक किनार हवी होती. जरीच्या काठासारखी ही किनार छातीवर, पंखांवर, मानेवर, शेपटीवर, म्हणजे प्रत्येक पिसावर असावयास हवी होती.

ह्या मागणीत एक मोठी अडचण दडलेली होती. मादीची पिसे टोकाशी गोलसर असतात, त्यामुळे त्यांच्यावर किनार अखंड उमटते. नराचे तसे नसते. त्याच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसे लांब, अणकुचीदार आणि झालरीसारखी असतात, तर शेपटीत विळ्यासारखी वाकलेली लांब पिसे असतात. अशा पिसांवर किनार भंगते आणि तिच्या जागी उभ्या रेघा दिसू लागतात. सर्वांगावर एकसारखी किनार असलेला कोंबडा हवा असेल, तर त्याच्या अंगावर कोंबडीचा पिसारा यावयास हवा. सीब्राइटने नेमके हेच साधले. त्याच्या जातीतला नर आरवतो, झुंजतो, माद्यांमागे धावतो. त्याला नरासारखा लाल तुरा आहे. परंतु त्याचा पिसारा पूर्णपणे मादीचा आहे. एका अलंकाराच्या हट्टासाठी नराचे दृश्य नरपण काढून घेतले गेले. हे कशामुळे घडते, ते स्वतः सीब्राइटला माहीत नव्हते आणि त्या काळात कोणालाही माहीत असणे शक्य नव्हते. त्याला फक्त हवे ते ओळखता येत होते आणि नको ते बाजूला सारता येत होते. कबुतराचे हवे तसे पीस तीन वर्षांत घडविता येते, पण डोके आणि चोच घडविण्यास सहा वर्षे लागतात, असे तो म्हणत असे, ही आठवण डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) मध्ये आवर्जून नोंदविली आहे.

साधारणतः १८१० च्या सुमारास सीब्राइटने समानशील हौशी मंडळींचे एक मंडळ स्थापन केले. लंडनच्या होबर्न भागातील ग्रेज इन कॉफीहाउसमध्ये हे सभासद दरवर्षी आपापले पक्षी घेऊन जमत आणि कोणाचा पक्षी आदर्शाच्या अधिक जवळ गेला, ह्याचा निवाडा करीत. एकाच जातीला वाहिलेले कोंबडीपालकांचे हे बहुधा सर्वांत जुने मंडळ होय. त्या काळी कोंबड्याची योग्यता ठरविण्याची लोकमान्य जागा म्हणजे झुंजीचा आखाडा. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्या शतकाच्या मध्याला प्रदर्शनांचे वेड इंग्लंड-अमेरिकेत पसरले. रक्त सांडून ठरणारी योग्यता आता परीक्षकाच्या नजरेने ठरू लागली. हा बदल निःसंशय माणुसकीचा होता. पण नजरेला मानदंड लागतो. १८६५ मध्ये इंग्लंडात अशा मानदंडांची पहिली पुस्तिका निघाली. १८७४ च्या अमेरिकी मानदंडग्रंथात सीब्राइटच्या सोनेरी आणि रुपेरी ह्या दोन्ही उपजातींचा समावेश झाला. तुऱ्याची ठेवण, किनारीची रुंदी, पायांचा निळसर पाटीसारखा रंग ह्यांना गुण मिळू लागले. पक्ष्याला किती पिल्ले झाली, ह्याला त्या गुणपत्रकात स्थान नव्हते. मानदंड एकदा छापला गेला की अभिरुची स्थिरावते आणि जे मोजता येत नाही ते हळूहळू नजरेआड होते. हा अनुभव वाङ्मयसमीक्षेलाही अपरिचित नाही.

डार्विनने १८६८ साली पाळीव प्राणी व वनस्पती ह्यांतील बदलांवरचा आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या हौशी जगाला विज्ञानात अधिकृत प्रवेश मिळाला. कोंबड्यांविषयी त्याचे दोन मोठे आधार होते. एक, लंडनमधील कुक्कुटतज्ज्ञ विल्यम टेगेटमायर. दुसरा, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा १८४१ पासून १८६२ पर्यंतचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ. हिंदुस्थानातील रानकोंबड्यांचा प्रत्यक्ष परिचय असलेल्या ब्लिथने पत्रांतून पुरविलेली माहिती डार्विनला मोलाची ठरली. सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. सह्याद्रीच्या जंगलात आरवणारा करडा रानकोंबडा ही वेगळी जाती आहे. तांबडा मात्र महाराष्ट्राच्या पूर्वेकडील वनांपासून पुढे आग्नेय आशियापर्यंत आढळतो. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्या आग्नेय आशियाई उपजातीतून निपजली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले. दाट झाडीत झळाळणारी विळ्यासारखी पिसे मिरवणाऱ्या त्या रानपक्ष्याचाच एक दूरचा वंशज आपली सगळी झालर टाकून होबर्नच्या कॉफीहाउसात पोहोचला होता.

ह्याच ग्रंथात सीब्राइट जातीविषयी एक खिन्न करणारी नोंद आहे. आरंभी इतर बँटमांइतकीच प्रसवशील असलेली ही जात निकटच्या नात्यातील पैदाशीमुळे वांझपणाकडे झुकू लागली होती. ज्या माणसाने १८०९ मध्ये ह्याच धोक्याचा इशारा दिला होता, त्याच्याच नावाच्या जातीवर ती पाळी यावी, ही नियतीची क्रूर थट्टा म्हणावी लागेल. आदर्श जितका काटेकोर, तितके त्याच्या जवळ जाणारे पक्षी थोडे. आणि पक्षी थोडे म्हटले की नाती निकटची होणारच. ह्यूइट नावाच्या एका अनुभवी पालकाचे निरीक्षणही डार्विनने दिले आहे. ज्या नराचे शेपूट मादीसारखे हुबेहूब, तो प्रदर्शनात श्रेष्ठ, पण पैदाशीत बहुधा निरुपयोगी. ज्याच्या शेपटीत नरपणाची थोडी खूण उरली आहे, तो पैदाशीस बरा. बक्षीस मिळवणारा पक्षी आणि वंश चालविणारा पक्षी ह्यांच्या वाटा अशा रीतीने फुटल्या होत्या.

ह्या कोड्याची उकल विसाव्या शतकात सुरू झाली. फळमाशीवरील कार्यासाठी पुढे १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारा टॉमस हंट मॉर्गन ह्याने सीब्राइट नरांची वृषणे शस्त्रक्रियेने काढून पाहिली. १९१९ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष चकित करणारे होते. वृषणे काढलेल्या नरांचा तुरा आखडला, पण नवी पिसे उगवली ती पूर्ण नराची! लांब झालर आणि विळ्यासारखे शेपूट त्यांच्या अंगावर अवतरले. शंभरांहून अधिक वर्षे दडपला गेलेला पिसारा देहातून नाहीसा झालाच नव्हता. वृषणांतून निघणारा एखादा स्राव त्याला अडवून धरीत होता. १९८० च्या दशकातील संशोधनाने त्यापुढचा टप्पा गाठला. सीब्राइटच्या त्वचेत अ‍ॅरोमटेज हे विकर मुबलक असते आणि ते पुरुषी हॉर्मोनाचे रूपांतर तेथल्या तेथे इस्ट्रोजेनमध्ये करते. नराचे नरपणच अशा रीतीने त्याच्या कातडीत स्त्रीत्व होऊन उगवते. एरवी त्वचेत निद्रिस्त राहणारे हे विकराचे जनुक जागे कसे राहते, ह्याचे उत्तर १९९१ मध्ये सुचविले गेले आणि २०१९ च्या जनुकीय अभ्यासाने ते पक्के केले. कधी काळी एका रेट्रोव्हायरसचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात, त्या जनुकाच्या शेजारी, येऊन बसला होता आणि त्यानेच ते चालू ठेवले होते. बेल्जियन वंशाच्या सोनेरी कँपाइन कोंबड्यातही हाच तुकडा सापडला. म्हणजे हा बदल सीब्राइटच्या अंगणात जन्मला नव्हता, तो त्याने हेरून वेचला होता.

वंध्यत्वाची एक बाजूही अलीकडे उजेडात आली आहे. सीब्राइटच्या डोक्यावर चपटा, खडबडीत ‘गुलाबी’ तुरा असतो आणि मानदंडाला तो हवाच असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की, अशा तुऱ्याचे जनुक दोन्ही जन्मदात्यांकडून मिळालेल्या नरांच्या शुक्रजंतूंची हालचाल मंद असते. तुरा निवडताना त्याच्यामागून काय चालत येत आहे, हे निवडणाऱ्याला दिसत नव्हते.

सीब्राइटला आज दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्ञानाची साधने हाती नसताना केवळ नजर आणि चिकाटी ह्यांच्या बळावर त्याने जे घडविले, त्यातून विज्ञानाला दोन शतके पुरेल एवढा अभ्यासविषय मिळाला. हौशी माणसाच्या खुराड्यातील अनुभव डार्विनच्या सिद्धान्ताला आणि मॉर्गनच्या प्रयोगाला आधार देऊ शकला, हे त्याचे श्रेय आहे. पण त्याच्या पुस्तिकेतील इशारा त्याच्या वारसांनी विसरावा, ही ह्या कथेतील खरी चूक होय. त्यांनी त्याचा पक्षी जपला आणि त्याचा विचार सोडून दिला. निवडणाऱ्याला एक पीस दिसते; देह मात्र आपले सगळे अंतरंग घेऊन येतो. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात उभा राहणारा, काळ्या किनारीचा तो मूठभर कोंबडा आजही हेच सांगत आहे.