लाओकूनचा हात

मोडक्या मूर्तीला नवा हात घडवायचा तर मी विद्यार्थ्यांना आधी खांदा बघायला लावतो. हात कुठल्या दिशेला गेला होता, ते स्नायूंच्या ताणावरून कळतं. रोममधल्या लाओकूनच्या शिल्पाबाबत मोठमोठ्यांनी खांद्याचं ऐकलं नाही.

14 जानेवारी 1506. एस्क्विलिन टेकडीवर फेलिचे दे फ्रेदिसच्या द्राक्षमळ्यात जमिनीखाली संगमरवरी शिल्प लागलं. पोप दुसरा ज्युलियस याने जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुकाराला पाहायला धाडलं. सोबत मायकेलअँजेलोही गेला. सांगाल्लोने बघताच ओळखलं: प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय ते हेच! लाकडी घोडा आत घेऊ नका असं ट्रॉयवासीयांना बजावणारा पुजारी लाओकून, त्याची दोन मुलं आणि तिघांना विळखा घातलेले साप. ऱ्होड्सच्या हागेसांद्रोस, पॉलिदोरोस आणि अथेनोदोरोस यांची ही करणी. सगळं एकाच दगडातलं, असंही प्लिनी लिहितो. ते मात्र खोटं. दगड अनेक आहेत, सांधे बेमालूम आहेत.

बापाचा उजवा हात नव्हता. वास्तुकार ब्रामान्तेने मेणाच्या प्रतिकृतींची स्पर्धा लावली, चित्रकार राफाएलने निकाल दिला, तरुण शिल्पकार सान्सोविनो जिंकला. हात मागे डोक्याकडे वळलेला असावा, असं मायकेलअँजेलोचं मत होतं म्हणे. पुढे 1530च्या दशकात त्याचाच सहकारी मोन्तोर्सोली याने भाजक्या मातीचा हात बसवला: सरळ, आभाळाकडे ताणलेला.

एका हाताने केवढा फरक पडतो! हात वर गेला की लाओकून लढवय्या वाटतो, साप उपटून फेकणारा. जर्मन कलाइतिहासकार विंकेलमानने त्याच्या वेदनेतलं धैर्य वाखाणलं. तो किंचाळत का नाही, यावर जर्मन लेखक लेसिंगने 1766 साली अख्खा ग्रंथ लिहिला. नेपोलियनने शिल्प पॅरिसला नेलं, ते 1816मध्ये परत आलं. तीन माकडांना लाओकूनच्या पोझमध्ये उभं करणारं लाकडी ठशाचं चित्र तर तिशियनच्या नावावर आहे. इतकी भक्ती जमली की टवाळी येणारच, आणि मला ती विंकेलमानच्या स्तुतीपेक्षा जवळची वाटते.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममधल्या एका पाथरवटाच्या आवारात संगमरवरी हाताचा तुकडा दिसला. कोपरातून मागे मुडपलेला, त्यावर सापाचं वेटोळं. त्याला आधी तो लहान प्रतिकृतीचा वाटला; त्याने तो व्हॅटिकनला दिला. पोलाक ज्यू होता. 1943च्या ऑक्टोबरमध्ये नाझींनी त्याला रोममधून कुटुंबासह पकडून ऑशविट्झला नेलं; तिथून तो परतला नाही.

1957 ते 1960 या काळात फिलिप्पो माजीने व्हॅटिकनमध्ये शिल्पाची नव्याने जुळणी केली. तुकडा मूळ शिल्पाचाच ठरला. मोन्तोर्सोलीचा हात उतरवून तो बसवला गेला. आता लाओकून जिंकेलसं वाटत नाही. माझ्या मते शिल्प त्यामुळेच जास्त खरं झालं.