राखून ठेवलेला डाव : क्रीडा-प्रशिक्षणाचं ज्ञान छापण्याचा इतिहास



आजच्या विषयाची सुरुवात 1949 या सालापासून करू. त्या वर्षी ऑक्सफर्डचे प्राध्यापक गिल्बर्ट राईल यांचं 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक आलं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते अजून वाचावं लागतं. त्यात राईल एक साधा फरक दाखवतात: एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं, आणि ती 'करता येणं' वेगळं. पोहण्याचे नियम तोंडपाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. त्याच 1949 मध्ये बडोद्यात मराठी 'व्यायामज्ञानकोशा'चं काम दहाव्या खंडाने पूर्ण झालं. हे काम 1936 पासून चाललं होतं आणि संपादक होते दत्तात्रय चिंतामण मुजुमदार. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. ऑक्सफर्डमध्ये प्रश्न मांडला जात होता, त्या सुमारास बडोद्यात एक माणूस 'करता येणं' कागदावर उतरवण्याचा खटाटोप तेरा वर्षं करून मोकळा झाला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण आमच्या विषयाला दोघेही लागतात.

मुरबाड-शहापूरच्या मंडळींना तालमीतला 'वस्ताद' कोण ते सांगायला नको. वस्तादाबद्दलची एक जुनी समजूतही सगळ्यांना माहीत आहे: वस्ताद शिष्याला सगळे डाव शिकवतो, एक मात्र राखून ठेवतो. उद्या शिष्य अंगावर आला तर तो डाव कामी येतो. यातला विनोद बाजूला ठेवा. या समजुतीत ज्ञानाबद्दलचं एक अख्खं धोरण आहे. ज्ञान ही मालमत्ता आहे, वाटली की कमी होते, म्हणून थोडी गाठीला बांधून ठेवावी. छपाईचं धोरण याच्या नेमकं उलट असतं. छापणं म्हणजे शेवटचा डावही देऊन टाकणं. क्रीडा-प्रशिक्षणातल्या संशोधनाचा आणि प्रकाशनाचा इतिहास म्हणजे या दोन धोरणांची झटापट, असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे या विषयावर पूर्वी कुणी लिहिलंच नाही असं नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. तो कल्याणीचा. म्हणजे आपलं शेजारचं कल्याण नव्हे बरं का, कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे दर्जे आहेत, त्यांचा आहार आहे, सरावाचे प्रकार आहेत. वजन उचलायचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. आजचा प्रशिक्षक ज्याला सरावाचं वेळापत्रक म्हणतो त्याचा हा पूर्वज. पण वाचणार कोण? राजा आणि दरबार. तालमीतल्या मल्लाच्या हातात ती पोथी पडण्याचा संभव नव्हता. लिहिलं गेलं, पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यासाठी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटलं, आणि ते पालटण्याचं मोठं ठिकाण बडोदा होतं. सयाजीराव गायकवाडांचं संस्थान, मराठी भाषिक अधिकारी वर्ग, आणि जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव. माणिकरावांनी सामुदायिक कवायतीला देशी भाषेतले हुकूम दिले. एकेकाला कानात सांगायची विद्या शंभर जणांना एकदम देता येते, हे त्यांनी दाखवलं. इकडे विदर्भात 1914 साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली.

देशी खेळांत पहिली छापील गोष्ट आली ती संशोधन नव्हे, तर नियम. हुतूतू गावोगाव वेगळा होता: कुठे बाद झालेला गडी परत उठायचा, कुठे एकदा बसला की बसला, कुठे बाद झाला तरी खेळत राहायचा आणि फक्त गुण मोजायचे. संजीवनी, गामिनी, अमर ही त्या प्रकारांची नावं. या सगळ्यांतून एक खेळ काढायचा म्हणजे तो कागदावर आणावाच लागतो. पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांनी आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1930 च्या दशकात ते काम केलं, आणि संजीवनी प्रकार टिकला. आज म्हसा-धसईकडचा मुलगा दिल्लीच्या मुलाशी एकाच मैदानावर खेळू शकतो तो या छापील पानांमुळे. नियमावलीला कुणी विद्वत्ता म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

आता मुजुमदारांकडे येऊ. केतकरांच्या ज्ञानकोशाने मराठीत कोशांची हवा तयार केली होती. तिचा फायदा घेऊन या गृहस्थांनी कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, दंड-बैठका, पोहणं, देशी-विदेशी खेळ असं सगळं दहा खंडांत आणलं. डाव सचित्र दिले: हात इथे, पाय तिथे, प्रतिस्पर्धी असा वळला तर तोड अशी. राईल विचारतील, चित्र बघून कुस्ती येते का? नाही येत. पण ज्याला थोडी येते त्याला जास्त येते. सांगलीच्या पहिलवानाला बडोद्याचा डाव कळतो, आणि वस्ताद गेला तरी त्याचा डाव त्याच्याबरोबर सरणावर जात नाही. कोशात गौरवाचा सूर अधूनमधून फार लागतो, हे खरं. तरी त्याचा वाचक कोण, हे कुठेही विसरलेलं नाही. तो मराठी वाचणारा, लंगोट लावणारा माणूस आहे. शेवटचा खंड आला त्याच वर्षी, 1 मे 1949 रोजी, बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्याच वर्षी एका खंडात इंग्रजी सार निघालं आणि परदेशी अभ्यासक आजही त्याचाच हवाला देतात. मूळ दहा खंड मराठी ग्रंथालयांच्या मागच्या कपाटात.

माणिकरावांचे एक शिष्य वेगळ्या वाटेने गेले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. ते अमळनेरला शिक्षणसंस्थेत होते. अमळनेर म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तिथलं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र आठवतं, पण तो विषय आज नको. कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाचं पोट बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली पाहिलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं, इंग्रजीत. त्याची रचना आम्हाला फार शहाणपणाची वाटते: प्रयोगांचा शास्त्रीय भाग वेगळा, आणि प्रत्यक्ष आसनं करणाऱ्या सामान्य वाचकासाठीचा भाग वेगळा, पण दोन्ही एकाच अंकात. मोजणारा आणि करणारा एकाच घरात राहतात. जगात सोव्हिएत रशियातलं शारीरिक संस्कृतीचं प्रसिद्ध मासिक 1925 चं आहे. म्हणजे लोणावळा मागे नव्हतं.

पुढचा टप्पा भराभर सांगतो, कारण त्यात संस्था जास्त आणि विचार कमी. 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी संस्था आली, 1957 ला ग्वाल्हेरचं महाविद्यालय, 1961 ला पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. प्रशिक्षक होण्यासाठी प्रमाणपत्र लागू लागलं. शारीरिक शिक्षण हा विद्यापीठीय विषय झाला, त्यात पीएच.डी. होऊ लागली. इथवर ठीक.

मग गुणांकन आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले. गुण लावले की बाजार भरतो. 'आंतरराष्ट्रीय' नावाची, पैसे भरले की आठवड्यात छापणारी नियतकालिकं उगवली. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तिच्यात तीस हजारांहून अधिक नावं! पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी 1009 नियतकालिकं तपासली आणि 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष दिला: 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट. त्याच वर्षी आयोगाने 4305 नावं गाळली, पाठोपाठ 'केअर' यादी आणली, आणि 2025 मध्ये तीही बंद केली. हा रोग सगळ्याच विषयांना झाला. पण शारीरिक शिक्षणासारख्या, आधीच दुय्यम समजल्या गेलेल्या विषयाला तो जास्त बाधला.

आम्हाला एकदा एका विद्यापीठात अशा प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बसण्याचा योग आला. कबड्डी खेळाडूंच्या मनावरच्या ताणाचा अभ्यास होता. परदेशी प्रश्नावली भाषांतरित केलेली, तक्ते नीटनेटके, आकडेमोड बिनचूक. आम्ही एवढंच विचारलं, की ज्या प्रशिक्षकांच्या मुलांकडून हे भरून घेतलं, त्यांना निष्कर्ष दाखवले का? उमेदवार हुशार होता, प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, ते मराठीत नाहीये." त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. आता 'मानसोल्लास' आठवा. पोथी दरबारात, मल्ल हौद्यात.

राखून ठेवण्याचं टोक पाहायचं असेल तर पूर्व जर्मनीकडे पाहावं. तिथे क्रीडाविज्ञान जगात पुढे होतं, पण खेळाडूंना दिलेल्या औषधांबद्दलचे प्रबंध चक्क गोपनीय शिक्का मारून ठेवले होते. भिंत पडल्यावर, 1990 च्या सुमारास ते लष्करी वैद्यकीय अकादमीत सापडले, तेव्हा कोवळ्या मुलींना काय दिलं जात होतं ते जगाला कळलं. तिथे कुलूप लावून लपवलं होतं. आपल्याकडे कुलूप नाही, सगळं उघड छापलेलं, आणि तरी प्रशिक्षकापर्यंत काही पोचत नाही. परिणामात फार फरक नाही.

यावर उपाय महागडी प्रयोगशाळा, असं पुष्कळांना वाटतं. एक उदाहरण देतो. अमेरिकेत जॉन वूडन नावाचे बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक होते. 1974-75 च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या पंधरा सरावांना कडेला बसले आणि वूडन जे जे बोलले-केले त्याच्या खुणा करत गेले. एकूण 2326 नोंदी झाल्या. निम्म्याच्या आसपास निव्वळ सूचना: काय कर, कसं कर. शाबासकी सात टक्क्यांहूनही कमी. मोठ्या प्रशिक्षकाची जोशपूर्ण भाषणं ऐकायला मिळतील असं वाटणाऱ्यांची निराशा झाली असेल, पण प्रशिक्षणाच्या अभ्यासात हा निबंध पन्नास वर्षं टिकून आहे. 'करता येणं' पूर्ण कागदावर येत नाही, राईल बरोबरच आहेत. शिकवणारा काय करतो, हे मात्र येतं.

याला लागलं काय? बसायची जागा, वही आणि चिकाटी. मुरबाड तालुक्यात रात्री दिव्याखाली सराव घेणारे, कुठलंही प्रमाणपत्र नसलेले कबड्डीचे प्रशिक्षक आहेत, आणि त्यांच्यातले बरेच आता साठीच्या पुढे आहेत. घोट्याची पकड कोपऱ्यातल्या मुलाला कधी घालू द्यायची आणि कधी आवरायचं, हे ते कशावरून ठरवतात? चढाई करणाऱ्याच्या पायावरून, की खांद्यावरून, की दमावरून? याची मराठी नोंद आमच्या पाहण्यात नाही. इथे समोर शारीरिक शिक्षणाचे चार-पाच तरुण शिक्षक बसलेले दिसतात. हे काम केलंत तर बढतीचा गुण बहुधा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नोंदीचे रकाने मात्र इंग्रजी प्रश्नावलीतून घेऊ नका. सराव घेताना तो माणूस जे शब्द वापरतो, तेच रकान्यांना द्या. 'थांब', 'दबून राहा', 'साखळी तोडू नको', 'आता'. पहिल्या आठवड्यात फक्त 'आता' हा शब्द किती वेळा आला आणि त्या क्षणी चढाई करणारा निदान रेषेपासून किती लांब होता, एवढंच लिहा.

प्रश्न असतील तर घेऊ.